शिवकांताकाकूंचा कडू घास

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्या घरच्या पाहुण्यारावळ्यांच्या आधी शिवकांताकाकूंना कळायचं. वडवणीच्या बाजारगल्लीत त्यांचं किराणा दुकान, आणि दुकानाच्या वर मातीचं माळवद. सकाळी दुकान उघडायच्या आधी काकू माळवदावर चढायच्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि घराघरांतून निघणारा धूर बघायच्या. ज्याच्या घरातून निघाला नाही त्याची मग सुटका नसायची. "काय गं, चूल कावून न्हाई पेटली?" हा प्रश्न एवढ्या मोठ्या आवाजात यायचा, की नवऱ्याशी भांडून फुगून पडलेली बाईसुद्धा लाजेकाजेनं उठून काडी ओढायची. माझी आई चिडायची. म्हणायची, "ह्या बाईला आपल्या घरचं सगळं म्हाईत. भाजीत मीठ किती पडलं तेबी."

मी आता बीडला असते. क्लासच्या पोरापोरींसाठी मेस चालवते. पोरं गुणी आहेत, पण जेवताना नजर ताटात नसते, मोबाइलात असते. मध्यंतरी कुठंतरी माणसं मारली गेली होती, पोरं ती बातमी बघत होती. रस्त्यावर पडलेल्या चपला, धावणारे लोक, कुणाची तरी आई. आणि एकानं मान वर न करता ताट पुढं केलं, "मावशी, अजून एक पोळी." माझं डोकंच फिरलं. वाढायचं ते पळीसकट तसंच ठेवलं आणि बाहेर जाऊन बसले. पोराची काय चूक, त्याला भूक होती. पण मला शिवकांताकाकू आठवल्या. बातमी ऐकल्यावर नुसतं बसून राहणं त्या बाईला कधी जमलंच नाही.

काकू उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळाला विभूतीचे पांढरे पट्टे आणि गळ्यात लिंगाची चांदीची डबी. ती डबी दोऱ्यात ओवलेली असायची आणि काकू रागावल्या की डाव्या हातात घट्ट धरायच्या. डबीवर हात गेला की आम्ही पोरं पसार. नवरा विश्वनाथअप्पा अगदी गरीब स्वभावाचा, दिवसभर पुड्या बांधायचा. बोलायचं खातं काकूंकडे. दिवेलागणीनंतर मीठ द्यायचं नाही हा त्यांचा नेम. एकदा तहसीलमधल्या कुण्या साहेबाचा शिपाई अंधार पडल्यावर मीठ मागायला आला. पाहुणे आलेत, साहेब रागावतील, वगैरे वगैरे. काकूंनी त्याला दूध दिलं, साखर दिली, वर शेवग्याच्या शेंगाही दिल्या. मीठ दिलं नाही. "सायबाला सांग, आजच्या दिवस आळणी खा, डोकं थंड ऱ्हाईल." दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची बायको स्वतः आली, मीठ घेऊन गेली आणि पुढं दर आठवड्याला गप्पा मारायला यायला लागली.

अशा बाईचा एक मोठा गुण होता, तो सांगायचा म्हणजे आधी कडू घासाचं सांगावं लागेल. आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झाली की त्या घरी चूल पेटत नाही. माती देऊन किंवा अग्नी देऊन माणसं परत आली की कडुलिंबाचा पाला दाताखाली चावतात, आणि शेजारपाजारचे, सोयरे पिठलं-भाकरी आणून त्या घरच्यांना जेवू घालतात. तो कडू घास. पण पहिल्याच दिवशी त्या घरात शिरायचं म्हणजे सुतकाचा विटाळ आला, अंघोळी आल्या, त्यामुळे बाया जरा मागंपुढं करायच्या. काकू लिंगायत. त्यांच्यात सुतक मानत नाहीत. "आमच्यात माणूस लिंगात मिळतंय. इटाळ कशाचा आलाय?" असं म्हणून त्या सगळ्यांच्या आधी पोचायच्या. जात बघायच्या नाहीत, घर बघायच्या नाहीत. माळवदावरून धूर दिसला नाही एवढंच बघायच्या.

आणि त्यांचं पिठलं! आई गं! लसणीत आणि लाल तिखटात बुडालेलं. साधा माणूस दोन घासात नाकाडोळ्यानं वाहायला लागायचा. माझी आजी गेली तेव्हा माझे धाकटे चुलते, बब्रुवानकाका, ऐन विशीत होते. आईचं शेंडेफळ, पण सगळ्या कार्यात डोळ्यातून टिपूस काढला नाही. तोंड नुसतं दगडागत. काकू ताट घेऊन आल्या, समोर बसल्या, म्हणाल्या, "खा." काकांनी दोन घास खाल्ले आणि रडायला लागले. ढसाढसा. मधूनमधून म्हणत होते, "लई तिखट हाय काकू, लई तिखट हाय." काकू नुसत्या "व्हय बाबा, जरा पडलंय जास्त" म्हणत होत्या. मी नंतर त्यांना विचारलं, एवढं तिखट कशाला घालता? तर म्हणाल्या, "बाप्यामाणसाला रडायची लाज वाटती गं. तिखटाच्या नावावर रडतेत बिचारे."

आता ती गोष्ट सांगते, जी मी आजपर्यंत कुणाला धड सांगितली नाही.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. दुपारी गुरुजींनी सगळ्यांना मैदानात उभं केलं आणि शाळा सोडून दिली. देशाच्या पंतप्रधान बाईंना दिल्लीत गोळ्या घातल्या होत्या. त्यांच्याच राखणदारांनी. आम्ही पोरी घरी आलो तर सगळ्या गल्लीत माणसं दारात उभी, आणि अप्पांचा रेडिओ दुकानाच्या पायरीवर. रेडिओवर गाणी नव्हती. नुसती सारंगी. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढेही, रेडिओ लावला की सारंगी. मला आजही सारंगी ऐकवत नाही. कुठं लागली की मी उठून आत जाते.

गावात त्या बाईंना सगळे नुसतं "बाई" म्हणायचे, घरातल्या थोरलीला म्हणावं तसं. बब्रुवानकाका तर त्यांच्या पक्षाचे. भिंतीला पत्रकं चिकटवत हिंडणारे. आजी गेल्यावर तिखटाशिवाय न रडलेला तो माणूस बातमी आल्या आल्या रस्त्यात बसून रडला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. काकांनी आमच्या घरी चूल पेटवू दिली नाही. आणि त्या दिवसापासून गल्लीत एक वेगळंच कुजबुजणं सुरू झालं. मारणारे सरदार होते. दिल्लीत सरदारांची घरं जाळायला लागले होते. ट्रकवाले सांगत होते.

आमच्या गल्लीत एक सरदारांचं घर होतं. काकूंच्या दुकानासमोर. गुरमुखसिंग आणि त्यांची बायको जितो, जिला आम्ही भाबी म्हणायचो. ते काही पंजाबातून आलेले नव्हते. नांदेडकडचे, निजामाच्या आधीपासून इकडंच राहिलेल्या घराण्यातले. गुरमुखसिंगांचा गल्लीच्या टोकाला इंजिन दुरुस्तीचा कारखाना होता आणि इंजिन चालू झालं नाही की त्यांच्या तोंडून जी अस्सल मराठवाडी शिवी निघायची तिला पंचक्रोशीत तोड नव्हती. आमच्या विहिरीवरचं इंजिन त्यांनीच बसवलेलं. बब्रुवानकाका त्यांच्याकडेच स्पॅनर धरायला शिकले. पण त्या दिवशी हे सगळं कुणाला आठवत नव्हतं. नाहीतर आठवत असूनही उपयोग नव्हता.

सरदारजींच्या घराला आतून कडी होती. धूर नव्हता. घराच्या मागच्या बाजूला, आमच्या परसातून दिसायचं, एक ट्रक उभा होता. भाबी आणि पोरं ट्रंका, गाद्या, स्वयंपाकाची भांडी त्याच्यात भरत होती. अंधार पडायच्या आत नांदेड गाठायचं होतं त्यांना. आई खिडकीतून बघत होती आणि तोंडाला पदर लावून रडत होती. म्हणाली, "गेली म्हणजे परत न्हाई यायची ही माणसं." ते मलाही कळलं. भाबीची धाकटी सिमरन माझी मैत्रीण होती.

आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पोरं आली. स्टँडकडून आली होती, घोषणा देऊन देऊन घसे बसलेले. हातात दगड. पुढं बब्रुवानकाका. आमच्या ओट्यावरून मला ते स्पष्ट दिसत होते. डोळे लाल, केस विस्कटलेले, आणि हातात मुठीत न मावणारा एक दगड.

त्याच वेळी समोरच्या दुकानाची एक फळी सरकली आणि शिवकांताकाकू बाहेर आल्या. हातात ताट, ताटावर पांढरं फडकं, आणि फडक्यावर कडुलिंबाचा डहाळा.

डहाळा बघितला आणि सगळी गल्ली गप्प झाली. ते ताट काय असतं हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कुणाची मयत झाली? कुणाच्या घरी चालल्या? काकू रस्ता ओलांडून सरळ सरदारजींच्या दारापाशी गेल्या आणि कडी वाजवली. "जिते, दार उघड."

दार किलकिलं झालं. भाबीनं आधी काकूंकडं बघितलं, मग ताटाकडं. डहाळा दिसल्याबरोबर तिचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथं कडू घास नेणं म्हणजे केवढं अभद्र! मरण मागितल्यासारखं ते. भाबीला वाटलं असणार, काकूसुद्धा त्या पोरांतल्याच झाल्या.

"काकू, आमच्यात कुणी मेलं न्हाई," ती म्हणाली. "असं का करायलात?"

"मेलं न्हाई? मग चूल कावून न्हाई पेटली?"

भाबीनं मागं वळून थंड चुलीकडं बघितलं.

"आपली बाई गेली," काकू म्हणाल्या, आणि आता त्या भाबीशी बोलत नव्हत्या, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल असं बोलत होत्या. "कालधरनं रेडिओ रडायलाय. तिकडं आमच्या बबऱ्याच्या घरी चूल न्हाई, हिकडं तुज्या घरी चूल न्हाई. ज्याच्या घरी चूल पेटली न्हाई, त्याच्या घरची मयत. मला दुसरं काय कळत न्हाई."

बब्रुवानकाका पुढं आले. "काकू, व्हा बाजूला. त्यांच्यातल्यांनीच मारलंय बाईला!"

"कुणी मारलं ते इचारायला मी आले न्हाई. ते दिल्लीवाले बगतील." डबीवर डावा हात गेला. मी ओट्यावरून बघितलं. "तू मला येवढं सांग बबऱ्या, सुतकाच्या घरावर दगड टाकतूस व्हय? तुज्या मायनं हे शिकवलं?"

मला आठवतंय, कुठंतरी एक कोंबडी कलकल करत होती, तेवढाच आवाज. मग दार पूर्ण उघडलं आणि गुरमुखसिंग बाहेर आले. एवढा धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी खांदे पडलेले. त्यांनी कुणाकडंच बघितलं नाही. ताटावरच्या डहाळ्याची चार पानं तोडली, तोंडात टाकली आणि चावत चावत पायरीवर बसले. आपलं माणूस पोचवून आलेला माणूस बसतो तसे. काकूंनी ताट त्यांच्यापुढं ठेवलं आणि मान वर केली.

"बबऱ्या, तुझी माय गेली तवा पयला घास कुणी भरवला? ये हिकडं. तूबी उपाशीच हायस की. आन् ते हातातलं खाली ठिव, जेवायचंय."

बब्रुवानकाका उभे राहिले ते उभेच राहिले. त्यांना तो दगड कुठं ठेवावा हेच कळेना. शेवटी त्यांनी तो, विश्वास ठेवा, काकूंच्या दुकानाच्या पायरीवर अगदी हलकेच ठेवला, वजन ठेवावं तसा. मग येऊन गुरमुखसिंगांच्या शेजारी बसले. लिंबाचा पाला चावला. काकूंनी भाकरी मोडून दोघांच्या हातावर ठेवली. दुसऱ्या घासाला बब्रुवानकाकांचा बांध फुटला.

"लई तिखट हाय काकू," ते म्हणाले.

"लईच तिखट," गुरमुखसिंग म्हणाले. त्यांच्या दाढीतून पाणी ओघळत होतं.

मागची पोरं एकेक करून निघून गेली. कुणी घोषणा दिली नाही. दगड जिथल्या तिथं टाकून गेली, दुसऱ्या दिवशी अप्पांनी ते गोळा करून पडक्या भिंतीला लावले.

पण काकूंचं काम झालं नव्हतं. त्या आत गेल्या, मागच्या दारातून ट्रक बघितला आणि भाबीला म्हणाल्या, "हे काय? सुतकात घर सोडून जातेत व्हय कुठं? चाल न्हाई तशी. तेरावा होईस्तवर हलायचं न्हाई. सामान उतरव."

भाबी रडता रडता म्हणाली, "पर काकू, तुमच्यात तर सुतकच नसतंय."

"माज्यात न्हाई. गल्लीत हाय."

आणि तेराव्यापर्यंत त्यांनी खरोखर त्या घरावर सुतक लादलं. रोज कुणाला तरी भाकरी घेऊन पाठवायच्या. एक दिवस आमची आई, एक दिवस मास्तरांची बायको, एक दिवस ज्याच्या पोरानं दगड आणला होता त्याची आई. तिला तर मुद्दाम. तेराव्याला त्यांनी सगळ्या गल्लीला सरदारजींच्या अंगणात जेवायला बसवलं. तोवर दिल्ली शांत झाली होती, गाव शांत झालं होतं, आणि ट्रक कधीच रिकामा होऊन निघून गेला होता. ते घर आजही तिथंच आहे.

मोठी झाल्यावर मी एकदा काकूंना विचारलं, "त्यांनी दुःखानं नाही, भीतीनं चूल पेटवली नव्हती. तुम्हाला कळलं नव्हतं का?"

"मला काय येडी समजतीस का?" त्या म्हणाल्या. "पर भीती दिसली की माणसं जास्तच चेकाळतेत. दुःख दिसलं की थांबतेत. म्हणून मी दुःख म्हणलं." वर म्हणाल्या, "आन् दुःख न्हवतंच असं कसं म्हणतीस? गुरमुख दोन घासात रडला ते काय नुसत्या तिखटानं?"

गंमत म्हणजे ह्या बाईनं त्या बाईंना मत दिलेलं नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं. अप्पाच बोलून गेले. मी काकूंना छेडलं तर म्हणाल्या, "मत येगळं, मयत येगळी. मत मी माज्या मर्जीनं देईन. मयतीला मर्जी बगतेत व्हय?"

पुढं बाईंचा मुलगाही गेला. दक्षिणेत, प्रचाराच्या सभेत, बॉम्बनं. मी तेव्हा कॉलेजला होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. भिंती पोस्टरांनी भरलेल्या. नेमकी त्या वेळी वडवणीत बोअरची एक गाडी आलेली होती. बोअर पाडणारी माणसं तमिळ, तिकडचीच. काळीसावळी, लुंगीवाली, चारपाच जणं. बातमी आली तशी चहाच्या टपरीवर त्यांना चहा मिळेना. कुणी काही बोललं नाही, नुसतं बघायला लागले, आणि बघणंही पुरतं कधीकधी. ती माणसं गाडीखाली सावलीला बसून राहिली. त्यांच्या स्टोव्हचा आवाज आला नाही.

काकू निघाल्याच ताट घेऊन. भाषा एकमेकांची कुणाला येत नव्हती. लिंबाचा डहाळा बघून त्यांतला म्हातारा ड्रायव्हर मात्र उठून उभा राहिला, पानं घेतली, कपाळाला लावली आणि चावली. त्याला कळलं असणार. कळायला काय, लिंब तिकडंही कडूच असणार की. पण पुढं फजिती झाली. काकूंचं ते जहाल पिठलं त्या पोरांनी हूं की चूं न करता मिटक्या मारत संपवलं आणि खुणेनं अजून मागितलं. काकू हात कमरेवर ठेवून बघत राहिल्या. "अगं मंगल," त्या मला म्हणाल्या, "ह्यांना काय तिखटच लागंना. आता ह्यांना रडवावं तरी कसं?" एवढं बोलून त्यांनाच हसू फुटलं. ती पोरंही हसली. म्हातारा ड्रायव्हर तेवढा हसता हसता डोळे पुसत होता. संध्याकाळी टपरीवाल्यानं स्वतःहून त्यांना चहा नेऊन दिला.

काकूंचं सगळंच मला पटायचं असं नाही. सुनेला त्यांनी फार जाच केला, चहात दूध किती घालायचं इथपर्यंत. माझ्या आईशी एकदा शेवग्याच्या झाडावरून भांडल्या ते दोन वर्षं बोलल्या नाहीत. पण त्या दोन वर्षांत माझे वडील गेले, आणि दारात पहिलं ताट कुणाचं होतं हे मी सांगायला नको. आईसमोर ताट ठेवलं, खाऊ घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अबोला.

गेल्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले. अप्पा, गुरमुखसिंग, दोघंही गेलेले. दुकान मुलगा महादेव बघतो. माळवद पाडून स्लॅब टाकलाय, पण काकूंना जिना चढवत नाही. मला म्हणाल्या, "चढून तरी काय करू? गॅस आल्यापास्नं कुणाच्या घरात काय झालं तेच कळंना झालंय बघ."

महादेव हळू आवाजात मला म्हणाला, "ताई, आता दिवस अवघड आलेत. लोक पाटीवरचं आडनाव वाचून दुकानात शिरतेत. जिल्ह्यात सगळीकडंच हाय. आमची काही गिऱ्हाइकं तुटली, आमीबी काही ठिकाणी जायचं सोडलं." त्याला वाटलं आईला ऐकू जात नाही. काकूंनी काठी आपटली. "मी इथं आडनाव इचारून मीठ दिलं न्हाई. तू देनार असशील तर पाटी उतरव माज्या नवऱ्याच्या नावाची." महादेव खाली मान घालून पुड्या बांधायला लागला, अगदी अप्पांसारखा.

या उन्हाळ्यात काकू गेल्या. फोन आला तशी मी मेस कामावरच्या पोरींवर सोपवून निघाले. लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. काकूंना खुर्चीत बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, हारांत ती चांदीची डबी. गल्लीच्या तोंडाशी मिरवणूक वळताना खुर्ची जरा मागं कलली आणि काकूंची हनुवटी वर झाली. नजर असती तर सरळ घरांच्या माथ्यावर गेली असती. बब्रुवानकाका, आता ते सत्तरीला टेकलेत, चटकन पुढं झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी काकूंचं डोकं सावरून धरलं. स्मशानापर्यंत तसंच धरून चालले. मी काकूंना बघितलं ते शेवटचं.

परत आले तर महादेवच्या घरी चहा चालू होता. जंगम स्वामी, पाहुणे, सगळ्यांना. त्यांच्यात सुतक नाही, गॅस पेटलेला. ते बरोबरच होतं, काकूंनाही तेच आवडलं असतं. पण मला कुठंतरी चुकल्यासारखं वाटत होतं. समोरच्या घराची सून दारात उभी होती. मी विचारलं, भाबी कुठं आहेत, मिरवणुकीत दिसल्या नाहीत. ती म्हणाली, "आई आत बसल्यात. सकाळधरनं गॅस लावू देईनात कुणाला. पोरं उपाशी हायेत."

आमच्या जुन्या घरात आता भाऊ राहतो, मी तिथं शिरले, पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या. मेसमध्ये रोज शंभर ताटं करते मी, त्या दिवशी एकच केलं. ताटावर फडकं टाकलं, परसातल्या लिंबाचा डहाळा तोडून वर ठेवला आणि भाबीच्या दाराकडं निघाले. गल्लीतली दारं एकेक करून उघडली.

जितोभाबी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. केस पांढरे, पाय सुजलेले. तिनं ताट बघितलं, डहाळा बघितला. ह्या वेळी तिनं काही विचारलं नाही. हात पुढं केला, चार पानं तोडली, बोळक्या तोंडात कशीबशी चावली. मी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली. तिनं पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं, पदरानं ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"मंगल," ती म्हणाली, "तिखट लई कमी पडलंय गं."